एअर रायफलचे पेलेट कसे टेस्ट करायचे आणि लॉट कसा निवडायचा

रेंजवर दर रविवारी कोणीतरी पालक हळूच बाजूला घेतात आणि विचारतात, काका कुठली पेलेट बेस्ट. मी सांगतो की ते मला विचारू नका, पोराच्या बॅरलला विचारा. मग ते हसतात आणि पुढच्या आठवड्यात पदक मिळालेल्या कुणाच्या तरी किटमध्ये बघितलेली डबी घेऊन येतात. त्या पोरीच्या रायफलला ती डबी चालली म्हणून तुमच्या रायफलला चालेलच असं काही नसतं हो. एकाच दुकानातून एकाच नावाचा तांदूळ आणला तरी एका पोत्याचा भात नीट होतो आणि दुसऱ्याची लापशी होते, पेलेटचं अगदी तसंच आहे.

हे सगळं १० मीटर एअर रायफलबद्दल आहे. पॉइंट टू टू वाले, म्हणजे काडतुसाची छोट्या बोअरची रायफल मारणारे, हाच उद्योग जास्त खर्चाने करतात, युरोपात एले आणि लापुआ या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या टेस्ट सेंटरला स्वतःची रायफल घेऊन जातात, तिथे एकामागून एक लॉट, म्हणजे एका वेळी एकत्र बनलेला माल, मारून बघतात आणि जो जमला तो पेटीने उचलतात. अमेरिकेत मोठ्या बोअरचे हौशी लोक तर घरीच काडतुसं भरतात, दारू मोजून टाकतात, कमी ताकदीची प्रॅक्टिसची काडतुसं वेगळी बनवतात. आपल्याकडे ते परवान्याशिवाय करणं सरळ गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय इथेच संपला. आणि तसंही पेलेटमध्ये भरायला काही नसतंच, शिशाचा तुकडा आहे तो, आपल्या हातात फक्त निवडणं उरतं. पण निवडण्यात बरंच काही आहे.

आधी थोडं गणित, कारण याच्याशिवाय पुढचं सगळं अंधश्रद्धा वाटेल. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो आणि पेलेट साडेचार मिलिमीटरची. तुमच्या शॉटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरवर असेल तर १०.०, पाव मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९. म्हणजे प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. समजा तुमचं पोर ६० शॉटला ६१८ च्या आसपास मारतंय, म्हणजे शॉटला सरासरी १०.३, म्हणजे शॉट मध्यापासून सरासरी पावणेदोन मिलिमीटर लांब जातायत. यातला बहुतेक हिस्सा पोराचा स्वतःचा आहे, होल्ड, ट्रिगर, श्वास वगैरे, थोडा हिस्सा पेलेटचा. हे दोन हिस्से सरळ बेरजेने मिळत नाहीत, वर्गाच्या बेरजेने मिळतात, काटकोन त्रिकोणासारखे. क्लॅम्पमध्ये, म्हणजे हलणार नाही अशा पकडीत, धरलेली रायफल एका लॉटने सरासरी ०.६ मिलिमीटर पसरवत असेल आणि दुसऱ्याने ०.४, तर ६१८ वाल्या पोराला पूर्ण मॅचमध्ये फरक पडतो साधारण सव्वा ते दीड गुणाचा. बास एवढाच. पण फायनलला जाणारा आठवा आणि न जाणारा नववा यांच्यात कित्येकदा ०.२ चा फरक असतो, तिथे दीड गुण म्हणजे खूप झालं.

आता हेच गणित नवीन पोराला लावा जे अजून ५६४ मारतंय. त्याला याच चांगल्या लॉटने फायदा होतो अर्ध्या गुणाच्या आसपास. त्याच्यासाठी पेलेट टेस्टिंगवर दोन दिवस घालवण्यापेक्षा त्याला दोन दिवस ड्राय फायर, म्हणजे पेलेट न मारता नुसता नेम आणि ट्रिगरचा सराव, करायला लावा. मी स्पष्ट सांगतो, ६०० च्या खाली असाल तर एक बऱ्यापैकी मॅच पेलेट घ्या आणि वर्षभर तीच मारा, हे वाचू पण नका. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांची नावं ऐकत पोरं मोठी होतात, पालकांना वाटतं की यांचं काहीतरी गुपित डबीत असणार. गुपित डबीत नसतं, पण डबी वाईट निघाली तर केलेली मेहनत थोडी गळते, भोक पडलेल्या कळशीसारखी.

डबीवर काय लिहिलेलं असतं

मॅच पेलेट म्हणजे पुढून सपाट, मध्ये कमरेला बारीक आणि मागून पोकळ घागरा. पुढचा सपाट भाग कागदात गोल स्वच्छ भोक पाडतो आणि मागचा घागरा हवेच्या दाबाने फुलून बॅरलच्या आट्यांना चिकटतो, त्यामुळे हवा बाजूने निसटत नाही. डबीवर तीन गोष्टी बघायच्या. एक वजन, रायफलसाठी बहुतेक ०.५३ ग्रॅमच्या आसपास, पिस्तूलवाले याहून हलकी मारतात. दोन डोक्याचा व्यास, म्हणजे ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक आहे आणि काही बॅरलला तो कळतो, काहींना अजिबात कळत नाही. तीन लॉट नंबर, तो कधी डबीच्या तळाला असतो कधी स्टिकरवर, आणि खरी गंमत या तिसऱ्या गोष्टीत आहे. पेलेट शिशाच्या तारेचे तुकडे साच्यात दाबून बनवतात, साचा झिजतो, बदलतात, मशीनची सेटिंग बदलते, म्हणून आरडब्ल्यूएस आर टेन असो किंवा एच अँड एन फिनाले मॅच किंवा जेएसबी, एकाच नावाचे एकाच व्यासाचे दोन लॉट दोन वेगळ्या कंपन्यांचे असल्यासारखे वागू शकतात. त्यामुळे "मी आर टेन मारतो" या वाक्याला फारसा अर्थ नाही, कुठला लॉट ते सांगा.

टेस्टसाठी चार ते सहा लॉट पुरेत, प्रत्येकाची एक एक डबी. क्लबमधले तीन-चार जण मिळून घेतलं तर खर्च वाटला जातो आणि उरलेली पेलेट प्रॅक्टिसला संपतेच, वाया काही जात नाही.

आधी रायफल तपासा

हे लोक विसरतात आणि मग लॉटला शिव्या देतात. सिलिंडरमध्ये प्रेशर बघा, भरलेला सिलिंडर २०० बारचा असतो, टेस्ट करताना १०० च्या खाली जाऊ देऊ नका कारण खूप खाली गेल्यावर रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला सारखी हवा सोडणारा भाग, वेग सांभाळू शकत नाही. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते ती पण त्याच वेळी बघून घ्या, दहा वर्षांच्या वर गेलेला असेल तर टेस्टचं राहू दे, तो आधी बदला, मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे सामानाच्या तपासणीतही, विचारतात. सगळे स्क्रू हाताने चाचपा. बॅरल साफ करायचं असेल तर टेस्टच्या आधी करा आणि मग २०-३० पेलेट मारून बॅरल परत सेट होऊ द्या, नुकतंच पुसलेलं बॅरल पहिले काही शॉट इकडेतिकडे टाकतं. साफ करायला फेल्टचे बोळे येतात ते वापरा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये मात्र ते बोळे रिकामे उडवायचे नाहीत, वजन नसल्यामुळे पिस्टन जोरात आपटतो.

स्प्रिंगच्या ब्रेक बॅरल वाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, पुढे क्लॅम्पबद्दल जे सांगतोय ते तुमच्यासाठी नाही. तुमची रायफल शॉटच्या वेळी पुढेमागे उडी मारते, तिला घट्ट धरलं की ती रागावते आणि ग्रुप, म्हणजे भोकांचा झुबका, अजून मोठा येतो, शिवाय स्टॉकला चीर जाऊ शकते. तुम्ही मऊ पिशवीवर हलक्या हाताने धरून मारा.

क्लॅम्प आणि टेबल

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पोराला उभं करून वेगवेगळ्या डब्या मारायला लावणं. त्यात तुम्ही पेलेट नाही, पोराचा मूड टेस्ट करता. तिसऱ्या डबीपर्यंत ते दमलेलं असतं आणि त्याला आधीच कळलेलं असतं की महाग डबी कुठली, मग महाग डबीला ते आपोआप जीव लावून मारतं. रायफल क्लॅम्पमध्येच पाहिजे. ज्या रेंजवर टेस्टिंगचा क्लॅम्प आहे तिथे वेळ मागून घ्या, नसेल तर क्लबने एक बनवून घ्यावा, लेथवाल्याकडे आर्मोररला, म्हणजे रायफल दुरुस्त करणाऱ्याला, सोबत घेऊन जा म्हणजे तुमच्या रायफलची ॲक्शन, म्हणजे मधला धातूचा भाग, कुठे धरायची ते तो दाखवेल. बॅरलला पीळ बसेल असं आवळायचं नाही आणि सिलिंडरला धरून तर कधीच नाही, त्यात २०० बार हवा आहे हे विसरू नका.

आम्ही आमचा क्लॅम्प आधी लाकडी टेबलावर बसवला होता. पहिल्या दिवशी वीस शॉट मारले, एकच पेलेट, एकच डबी, आणि कागदावर भोकांची रांग वरून खाली तिरकी उतरत गेलेली, मुंग्यांसारखी. अर्धा तास आम्ही लॉटला नावं ठेवली. मग एकाने टेबलाच्या पायाला हात लावला तर ते प्रत्येक वेळी पेलेट भरताना हलत होतं, अगदी केसभर, पण १० मीटरवर तेवढं पुरतं. मग बाहेर गटाराच्या कामाचे उरलेले दोन कडप्पे होते ते आणून विटांच्या चौथऱ्यावर ठेवले आणि त्यावर क्लॅम्प बोल्ट केला, तेव्हा रांग गेली आणि एकाच भोकात शॉट पडायला लागले. म्हणून कुठलाही लॉट टेस्ट करायच्या आधी हे वीस शॉट मारा. ग्रुप एका दिशेने सरकत असेल तर क्लॅम्प हलतोय, गोल असेल तर पुढे जा.

क्लॅम्पमधली रायफल पण रायफलच आहे. समोर कोणी नाही हे बघून मगच बोल्ट बंद करायचा, कागद बदलायला जाताना रायफल उघडी आणि सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामं आहे हे दाखवणारी खूण) आत, डोळ्याला चष्मा, मागे नीट पेलेट ट्रॅप. दोघं असाल तर मारणारा एक आणि कागद बदलणारा एक, आणि कागदवाला परत येऊन "झालं" म्हणेपर्यंत मारणाऱ्याने हात खिशात ठेवायचे, आमच्याकडे हा नियमच आहे. पोरं हसतात पण पाळतात.

पंखे बंद करा. पेलेटला वारा १० मीटरवर फार लागत नाही पण कागद फडफडतो.

मारायचं कसं

नेम धरायचा नाहीये, क्लॅम्प आहे, त्यामुळे शॉट दहात पडतोय की सहात याने काही फरक पडत नाही, फक्त किती जवळ जवळ पडतायत ते बघायचं. प्रत्येक ग्रुपला नवीन कागद, आणि कागदावर मारायच्या आधीच लॉट नंबर, व्यास, ग्रुपचा नंबर लिहायचा. नंतर लिहू म्हणाल तर तीस कागद झाल्यावर कुठला कुठला ते ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. कागद ऑफिशियल कार्डाचाच घ्या, झेरॉक्सच्या कागदाला भोक फाटकं पडतं आणि मग मोजताना भांडणं होतात.

लॉट बदलला की पहिले दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत. बॅरलमध्ये आधीच्या पेलेटच्या शिशाचा पातळ थर असतो, नवीन पेलेटने तो आपला करून घ्यायला थोडे शॉट लागतात. मग दहा शॉटचा एक ग्रुप, पुढच्या लॉटचे पंधरा रिकामे, म्हणजे न मोजायचे, मग दहाचा ग्रुप, असं सगळे लॉट एकदा झाले की परत पहिल्यापासून. एका लॉटचे पाचही ग्रुप एकदम मारून मोकळं व्हायचा मोह होतो कारण त्यात पेलेट वाचतात, पण सकाळी नऊला गार असलेलं शेड दुपारी एकला तापलेलं असतं, प्रेशर उतरलेलं असतं, तुमचा पण धीर सुटलेला असतो, मग शेवटच्या लॉटवर अन्याय होतो. फेरीफेरीने मारा. प्रत्येक लॉटचे पाच ग्रुप म्हणजे ५० शॉट, चार लॉट असतील तर रिकामे धरून ५०० पेलेट, एक सकाळ जाते. सहा लॉट असतील तर दोन सकाळी धरा.

पेलेट भरताना बोटाने सारखीच ढकला, कधी खोल कधी वरवर असं करू नका. भरायच्या आधी मागचा घागरा बघा, चेपलेला दिसला तर ती बाजूला टाका, पण हे आधी करायचं, शॉट लांब गेल्यावर "ती बहुतेक चेपलेली असणार" असं म्हणून तो शॉट वगळायचा नाही. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. एकदा लांब गेलेला शॉट वगळायला लागलात की तुम्हाला आवडणाऱ्या लॉटचे शॉट वगळले जातात आणि नावडत्याचे मोजले जातात.

मोजणं

कागदावर मोजायचं असेल तर व्हर्नियर कॅलिपरने ग्रुपच्या एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत जास्तीत जास्त रुंदी घ्या. यातून पेलेटची रुंदी वजा करायची, पण सरळ ४.५ नाही, कारण कागदाचं भोक पेलेटपेक्षा किंचित लहान दिसतं, तंतू परत आत येतात. एका कोऱ्या कोपऱ्यावर एकटा शॉट मारा, ते भोक मोजा, तो आकडा वजा करा. आमच्याकडे बाहेरून बाहेर साडेपाचच्या आत दहा शॉट बसले की आम्ही एकमेकांकडे बघतो, सहा ठीक, सात म्हणजे त्या बॅरलला ती पेलेट नको.

पण एक गोची आहे. दहा शॉटच्या ग्रुपची रुंदी फक्त दोन सगळ्यात लांबच्या शॉटवर ठरते, बाकीचे आठ आत काय करतायत ते कळतच नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर क्लॅम्प त्याच्यासमोर लावा आणि प्रत्येक शॉटचे आडवे-उभे आकडे उतरवून घ्या. एक्सेलमध्ये सगळ्या आडव्यांची सरासरी, सगळ्या उभ्यांची सरासरी, तो झाला ग्रुपचा मध्य, मग प्रत्येक शॉट त्या मध्यापासून किती लांब ते काढा आणि त्याची सरासरी घ्या. हा एकच आकडा ५० शॉटचं सगळं सांगतो. आठवीतलं पोर पण करतं, आमच्याकडे करतं.

आता वाचायचं कसं. ५० शॉटनंतर दोन लॉटच्या या आकड्यात दहा-पंधरा टक्क्यांच्या आतला फरक असेल तर ती बरोबरी समजा, नशिबाने एवढं इकडचं तिकडं होतंच, मग स्वस्त असेल किंवा जास्त डब्या मिळत असतील तो घ्या. पंचवीस-तीस टक्के फरक असेल तर तो खरा आहे.

मला हे कळायला एक वर्ष आणि बरेच पैसे लागले. सुरुवातीच्या काळात मी एका लॉटचा एकच ग्रुप मारला आणि तो ४.९ आला, बाहेरून बाहेर. दहा शॉट आणि एकच भोक, गोल, कडा पण स्वच्छ. मी तो कागद पाकिटात ठेवून फिरत होतो, पाहुण्यांना दाखवत होतो, घरात बायको म्हणाली एवढं तर लग्नाचे फोटो नाही दाखवले कुणाला. त्याच उत्साहात त्या लॉटच्या दहा डब्या घेतल्या. मग सावकाश परत टेस्ट केली तर पुढचे ग्रुप ६.१, ५.८, ६.४, ५.९. म्हणजे लॉट अगदी मधला होता, त्या दिवशी फक्त दान चांगलं पडलं. डीलरची काही चूक नव्हती, माझीच. त्या दहा डब्या पोराने प्रॅक्टिसला संपवल्या आणि तो कागद अजून पाकिटात आहे.

वजन करून वेगळं काढायचं का

हा प्रश्न येतोच. साधा किचनचा काटा सोडाच, ०.०१ ग्रॅमवाला काटा पण इथे निरुपयोगी आहे, मिलिग्रॅम दाखवणारा लागतो. आमचे एक मित्र गुजरीत सराफ आहेत, त्यांच्या काट्याला काच असते म्हणजे श्वास पण लागत नाही. दुपारच्या सामसूम वेळी मी डबी घेऊन गेलो. त्यांनी आधी काट्यावर बटरपेपर टाकला, म्हणाले शिसं आहे ना, सोन्याच्या काट्याला लागलं तर माझा बाप वरून खाली येईल. शंभर पेलेट चिमट्याने एक एक करून ठेवल्या, ते आकडा म्हणत होते आणि मी लिहीत होतो, मध्ये एक गिऱ्हाईक मंगळसूत्र घेऊन आलं आणि हा प्रकार बघत बसलं. बहुतेक सगळ्या सहा मिलिग्रॅमच्या पट्ट्यात निघाल्या, म्हणजे साधारण एक टक्का.

एक टक्का वजनाने काय होतं ते पण काढू. मॅच रायफलचा वेग साधारण १७० ते १७५ मीटर सेकंदाला, १० मीटर जायला पेलेटला ०.०६ सेकंद लागतात, तेवढ्यात ती जवळपास १८ मिलिमीटर खाली पडते, साइटमध्ये ते आधीच धरलेलं असतं. हवेची ताकद तीच आणि वजन एक टक्का जास्त, तर वेग अर्धा टक्का कमी, पडणं एक टक्का जास्त, म्हणजे ०.१८ मिलिमीटर. ०.१ गुणाला पण पुरत नाही, आणि हा पट्ट्याच्या दोन टोकांमधला फरक आहे. आम्ही हलक्या आणि जड वेगळ्या करून क्लॅम्पमधून मारल्या पण, ग्रुपमध्ये काही फरक दिसला नाही. त्यामुळे माझं मत, चांगल्या मॅच पेलेटचं वजन करत बसू नका. डोळ्यांनी घागरा बघा, धूळ किंवा शिशाची कुस लागलेली असेल तर काढून टाका, पुरे.

वेग मात्र वेगळी गोष्ट आहे. रेग्युलेटर बिघडून वेग शॉटगणिक पाच मीटरने खालीवर व्हायला लागला तर भोक एक मिलिमीटर वरखाली होतं, म्हणजे ०.४ गुण. सगळेच लॉट उभे लांबट ग्रुप देत असतील तर पेलेटचा नाद सोडा आणि रायफल आर्मोररकडे न्या. क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र, असेल तर पाच मिनिटांत कळेल.

घ्यायच्या किती

लॉट ठरला की लगेच घ्या, विचार करायला आठवडा घेतलात तर दुसऱ्या जिल्ह्यातला कोणीतरी उचलून नेतो. टेस्टसाठी डब्या घेतानाच डीलरला विचारून ठेवा की या लॉटच्या अजून किती आहेत. एकच डबी शिल्लक असलेला लॉट टेस्टच करू नका, जिंकला तर फक्त हळहळ होते. परवान्याचं लोक विचारतात म्हणून, ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, मॅच रायफल ८ ज्यूलच्या आसपास असते, पण ओळखपत्र मागितलं तर द्या, किरकिर करू नका.

हिशोब असा, मॅचला वीसेक साइटर (मॅचआधीचे न मोजले जाणारे शॉट), ६० मॅच शॉट, फायनल गाठली तर २४, म्हणजे १०५ च्या आसपास. ५०० ची एक डबी जवळपास पाच मॅचला जाते. निवडलेला लॉट फक्त मॅचला आणि मॅचच्या आधीच्या आठवड्याला ठेवला तर सहा डब्यांत एक सीझन आरामात निघतो, रोजच्या प्रॅक्टिसला साधी मॅच पेलेट वापरा. आणि दर नव्या सीझनला किंवा बॅरल बदलल्यावर परत टेस्ट, रायफल विकत घेणाऱ्याला आधीच्या मालकाने "हिला हाच लॉट लागतो" असं सांगितलं तरी.

ठेवायच्या कशा

शिसं मऊ असतं. डबी बॅगेत खळखळत कोल्हापूरहून बालेवाडीपर्यंत एसटीने गेली की निम्मे घागरे चेपलेले. डबीत वरून स्पंजचा तुकडा असतो तो फेकून देऊ नका, डबी अर्धी झाली की अजून एक तुकडा घाला म्हणजे हलणार नाही. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीला पण ओल येते, शिशावर पांढरी पूड धरते, ती धरली की ती पेलेट मॅचला नाही. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सगळ्या डब्या ठेवा, आत औषधाच्या बाटलीत येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. पेलेटला तेल लावायला जाऊ नका, इंटरनेटवर बरेच उपाय आहेत, मॅच रायफलला एकही नको.

पांढरी पूड हाताला लागली तर ते शिसंच आहे. मारून झालं की साबणाने हात धुवायचे, मग डबा उघडायचा, आणि पेलेट तोंडात धरायची सवय काही पोरांना असते, हात मोकळे राहावेत म्हणून, ती पहिल्या दिवशी मोडा. ट्रॅपमधलं शिसं झाडूने झाडू नका, धूळ उडते, ओल्या फडक्याने गोळा करा आणि ते फडकं घरी आणू नका.

वही ठेवा. आमच्या वहीत प्रत्येक पानावर रायफलचा नंबर, बॅरलमधून अंदाजे किती शॉट गेलेत, लॉट, प्रेशर, आकडा, आणि तो कागद स्टेपल केलेला. परवा मागची पानं चाळताना दिसलं की तीन वर्षांपूर्वी आम्ही नापास केलेला एक लॉट दुसऱ्या पोराच्या रायफलमध्ये सगळ्यात भारी बसला होता, आणि त्या पोराच्या कपाटात त्या लॉटच्या अजून दोन डब्या पडून आहेत, त्याला माहीतच नाही.